वस्तीतल्या अभ्यासिकेला सरकारी अनुदान मिळतं का? हॉल नको, शिकवणाऱ्या मुलींचं मानधन हवंय

ओटीवरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत राहतो. आमचं अकरा जणींचं महिला मंडळ आहे. सहा वर्षांपासून संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका चालवतो. दहा बाय बाराची खोली, पाचवी ते दहावीची चाळीस-बेचाळीस मुलं, दोन पाळ्या. घरात जागा नाही, टीव्ही चालू, बाहेर स्पीकर, म्हणून मुलं इथे येतात. वस्तीतल्याच दोन मुली शिकवतात. एक बी.कॉम. झालीय, दुसरी डी.एड. करतेय. त्यांना महिन्याला दोन-दोन हजार देतो, तेही वर्गणीतून, आणि दर जून-जुलैत वर्गणी आटली की त्यांचे पैसे थांबतात. गेल्या वर्षी बी.कॉम.वाली मॉलमध्ये नोकरीला लागायला निघाली होती. तिला हात जोडून थांबवलं.

आता गोष्ट अशी, की निवडणुकीनंतर वस्तीत लोकप्रतिनिधींची माणसं आली. म्हणाली, ताई, तुमचं काम बघितलं, निधीतून दोन मजली समाजमंदिर बांधून देतो, वरचा मजला तुमच्या मुलांना. आम्ही विचारलं, शिकवणाऱ्या मुलींच्या मानधनाचं काही होईल का? ते म्हणाले, तसा निधी नसतो.

तर प्रश्न दोन. एक, खरंच नसतो का? पालिकेचं किंवा राज्याचं असं काही अनुदान कुणाला मिळालंय का, ज्यातून माणसाला पगार देता येतो? दोन, समाजमंदिराला हो म्हणावं की नको? मंडळात यावरून दोन तट पडलेत, रविवारी बैठक आहे.

पारिजात_१२

सहा वर्षं! तुम्हा अकराजणींना मनापासून नमस्कार. मला अनुदानातलं कळत नाही, पण शनिवारी दुपारी नववी-दहावीचं गणित शिकवायला येऊ शकते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

खातेवही

ताई, आधी एकच सांगा: मंडळ नोंदणीकृत आहे का? आणि "नोंदणीकृत" म्हणजे नेमकं काय काय आहे?

हे विचारतोय कारण मी पंचवीस वर्षं छोट्या संस्थांचे हिशेब तपासतोय. अनुदान हातचं जाताना पाहिलंय ते बहुतेक वेळा काम वाईट म्हणून नाही, कागद जुने म्हणून. आपल्या राज्यात मंडळाची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते आणि त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही करावी लागते. मुंबईसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला. तिथे तुमच्या संस्थेच्या नावाने एक परिशिष्ट असतं, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. कार्यकारिणी बदलली, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा, कलम २२ खाली. तो बहुतेक मंडळं टाकतच नाहीत. मग दहा वर्षांनी अनुदानाचा अर्ज करताना उघड होतं, की सही करणारी अध्यक्षा कागदावर अध्यक्षाच नाही.

शिवाय दरवर्षी ३१ मार्चला वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ऑडिट, बँक खातं संस्थेच्या नावाने, पॅन, आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद जवळपास सगळीकडे मागतात. हे हातात नसेल तर कुठलीही योजना शोधण्याआधी हे करा.

ओटीवरची

@खातेवही, नोंदणी आहे, २०११ ची. ऑडिट दर वर्षी करतो, आमच्यातल्या एकीचा भाऊ स्वस्तात करून देतो. बदल अर्ज... तो शब्द आज पहिल्यांदा ऐकतेय. २०११ च्या सातजणींपैकी दोघी आता नाहीत, एक गावी गेली.

खातेवही

मग हेच तुमचं पहिलं काम. रागावत नाही, दहातल्या आठ मंडळांचं असंच असतं.

रोजकीर्द

मी पालिकेत लेखा विभागात होतो, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. "तसा निधी नसतो" हे त्यांनी खोटं सांगितलेलं नाही, पण अर्धंच सांगितलंय.

खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदाराचाही आता ५ कोटी झालाय. या दोन्हींतून टिकाऊ मालमत्ता उभी करायची असते: भिंत, शेड, शौचालय, समाजमंदिर, व्यायामशाळेची खोली. पगार, मानधन, लाइटबिल असा दर महिन्याचा खर्च त्यातून करताच येत नाही. नगरसेवकांच्या शिफारशीची कामंही बहुतेक बांधकामाचीच. म्हणून प्रत्येक गल्लीत समाजमंदिर दिसतं आणि त्यात शिकवायला कुणी नसतं. तो निधी देणाऱ्याच्या मनाचा प्रश्न नाही, लेखाशीर्षाचा आहे, म्हणजे पैसा हिशेबात कुठल्या नावाखाली खर्ची टाकायचा त्याचा.

चालू खर्चाचा पैसा वेगळ्या दारातून येतो. पालिकेत नियोजन विभाग आहे, त्याचे समाज विकास अधिकारी वॉर्डांत काम करतात. बचत गट, महिलांचं प्रशिक्षण, शिलाई मशीन, घरघंटी, मसाला कांडप यंत्र या योजना त्यांच्याकडून येतात. शिक्षण विभाग काही बालवाड्या संस्थांमार्फत चालवतो, तिथे बालवाडी शिक्षिकेला आणि मदतनिसाला मानधन मिळतं. म्हणजे माणसाच्या मानधनाला पालिका पैसे देते, हे उदाहरण घरातच आहे. तुमची अभ्यासिका मात्र बालवाडीही नाही आणि बचत गटही नाही, दोन खिडक्यांच्या मधे पडते.

२०२५-२६ चं पालिकेचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यात पैसा नाही असं कुणी म्हणू नये. मात्र तुमच्या कामाला नाव असलेली ओळ त्यात हवी.

करदाता_बोरिवली

थोडं वेगळं मत मांडतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. ओटीवरचीताईंच्या कामाबद्दल आदरच आहे. पण संस्थांना चालू खर्चाचं अनुदान सुरू केलं की पाच वर्षांत कागदावरच्या संस्था किती उगवतील याचा विचार करा. मी राहतो त्या भागात एका मंडळाला संगणक वर्गासाठी संगणक मिळाले, मी स्वतः खोलीत डोकावून पाहिलं, खोकी फोडलेलीही नव्हती. इमारत निदान दिसते, मोजता येते. मानधन कुणाला दिलं, वर्ग झाला की नाही, हे कोण बघणार? वस्तीतल्या मुलांसाठी पालिकेच्या शाळा आहेत, पैसा तिथे जाऊ द्या.

झाडू_पथक

@करदाता_बोरिवली, तुमची शंका बरोबर आहे, पण उपाय चुकीचा. दुसरी बाजू आम्ही भोगलीय.

आमची वस्ती पातळीवरची संस्था दत्तक वस्ती योजनेत होती. २०१३ पासून तिचं स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झालं. वस्तीतलीच माणसं घरोघरचा कचरा गोळा करणार, गटारं साफ करणार, पालिका संस्थेला ठरावीक मानधन देणार. म्हणजे माणसांना पैसे देणारी योजना मुंबईत वर्षानुवर्षं चालली. चुका होत्या. हजेरीपटावर नसलेली माणसं काही ठिकाणी होती, नाकारत नाही. पण आमच्याकडे चौदा जण होते, चौदाही हजर असायचे, आणि तरी बिल चार-चार महिने अडकायचं. मी बायकोची पाटली गहाण ठेवून दिवाळीला पोरांचे पैसे दिलेत. संस्था चोर निघते कारण ती चोर असते असं नेहमी नसतं. पैसे वेळेवर न आल्यामुळे प्रामाणिक संस्था गळतात आणि ज्यांना चार महिने थांबणं परवडतं तेच उरतात.

मग २०२४ मध्ये झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी चार वर्षांचं १,४०० कोटींच्या घरातलं एकच मोठं कंत्राट निघालं. बेरोजगारांच्या सेवा संस्था त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. छोट्या संस्थांवर विश्वास नाही म्हणून एकच मोठा कंत्राटदार आणला, तर तो आमच्या गल्लीतल्या कुणाला ओळखणार?

करदाता_बोरिवली

पाटलीचं वाचून गप्प झालो. बिल वेळेवर मिळायला हवं यात दुमत नाही. पण तपासणीचा माझा प्रश्न तसाच आहे.

माहितीवाली

तपासणीचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते दहा रुपयांचं आहे. :-)

माहितीच्या अधिकारात वॉर्ड ऑफिसला अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. विचारा: मागच्या तीन आर्थिक वर्षांत या प्रभागात कोणत्या संस्थांना, कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती रक्कम दिली, आणि त्यांची उपयोगिता प्रमाणपत्रं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

याचे दोन फायदे. करदाता काकांना हवी ती तपासणी होते. आणि ओटीवरचीताईंना ज्या लेखाशीर्षाखाली अर्ज करायचा त्याचं नेमकं नाव कागदावर मिळतं. मी स्वतः असंच केलं. काउंटरवर "अशी योजनाच नाही" असं तीनदा ऐकलं, आणि अर्जाच्या उत्तरात त्याच योजनेतून शेजारच्या प्रभागाला दिलेली रक्कम आली.

खातेवही

+१. उपयोगिता प्रमाणपत्र विसरू नका. पहिला हप्ता कशावर खर्च केला ते लिहून दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही. पावत्या पहिल्या दिवसापासून चिकटवहीत लावा.

मानखुर्दकर

आमचा अनुभव जरा वेगळा, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वस्ती स्वच्छता कार्यक्रमातलं सामुदायिक शौचालय आहे. जागतिक बँकेच्या मदतीच्या मलनिस्सारण प्रकल्पात नव्वदच्या दशकात हा कार्यक्रम सुरू झाला. अट अशी होती, की पालिका बांधून देणार, पण आधी वस्तीने संस्था काढायची, प्रत्येक प्रौढ माणसाने १०० रुपये भरायचे, एका कुटुंबाचे जास्तीत जास्त ५००, आणि पुढची देखभाल संस्थेने करायची. माझ्या आईने तेव्हा धुणीभांड्याच्या पैशांतून हप्त्याने भरले. तिची पावती अजून ट्रंकेत आहे.

महत्त्वाचं पुढे आहे. त्या इमारतीला वर एक खोली होती, राखणदारासाठी. आमच्या संस्थेने ठराव केला, की राखणदार खालच्या छोट्या खोलीत राहील, वर मुलांचा वर्ग. शिकवणाऱ्या बाईंचे पैसे? शौचालयाच्या महिन्याच्या कौटुंबिक पासाचे जे पैसे उरतात त्यातून. आज सतरा वर्षं तो वर्ग चालू आहे. मी स्वतः तिथे अभ्यास करून बारावी झालो. लोक नाक मुरडतात, शौचालयावर शाळा म्हणून. या म्हणावं बघायला, आमच्या वर्गाइतकी स्वच्छ खोली वस्तीत दुसरी नाही.

सांगायचा मुद्दा: बांधकाम मिळत असेल तर नाकारू नका, पण त्या बांधकामातून दर महिन्याला थोडं उत्पन्न येईल अशी सोय आधीच करून घ्या. समाजमंदिर असेल तर साखरपुडा, बारसं, बाराव्याला भाड्याने देता येतं. ते भाडं कुणाच्या खात्यात जाणार, हे बांधायच्या आधी ठरवा.

चाफा

@मानखुर्दकर, आईंची पावती जपून ठेवा. वाचताना डोळे भरून आले.

घरघंटी

रोजकीर्द काकांनी घरघंटीचा उल्लेख केला म्हणून लिहिते, विषय थोडा बाजूला जातोय.

माझ्या सासूबाईंना पालिकेच्या योजनेतून घरघंटी मिळाली. आमच्या चाळीत आता दळण आमच्याकडेच येतं, दिवाळीला भाजणीसाठी रांग लागते. त्या पैशातून धाकट्या दिराची आयटीआयची फी भरली. शेजारणीला शिलाई मशीन मिळालं, ते मात्र पलंगाखाली आहे, कारण तिला शिवता येत नव्हतं आणि शिकवायला कुणी आलं नाही. दोघींना वस्तू मिळाली, शिकवणारं माणूस एकीलाही मिळालं नाही. सासूबाईंना दळण आधीच येत होतं, एवढाच फरक. त्यामुळे ओटीवरचीताईंचा प्रश्न फक्त अभ्यासिकेचा नाही असं मला वाटतं.

कोथरूडची

पुण्यातून लिहितेय. आमच्याकडे २००६-०७ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात कामं सुचवतात, त्यातली काही अंदाजपत्रकात जातात. पण खरं सांगायचं तर तिथेही बहुतेक सूचना पदपथ, दिवे, बाकडी यांच्याच असतात. लोकांना मागायची सवयच तीच आहे. मी एकदा विरंगुळा केंद्रात वाचनालय चालवायला माणूस मागितला, तर फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

रोजकीर्द

@कोथरूडची, अगदी हेच. रकाना नाही.

रकाना तयार करायची एक जागा मुंबईत आहे, फारशी कुणाला माहीत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात प्रभाग समित्यांची तरतूद आहे, आणि त्या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली जवळजवळ चार वर्षं समित्याच नव्हत्या, सगळं प्रशासकांकडे. आता पुन्हा नगरसेवक आहेत. लोकप्रतिनिधींची माणसं तुमच्या दारी आलीच आहेत, तर त्यांच्याकडे समाजमंदिराबरोबर हेही मागा, की अभ्यासिकांच्या मानधनासाठी अंदाजपत्रकात तरतूद सुचवा. पालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं. मागणी पावसाळा संपताच लेखी द्यायची, जानेवारीत जाऊन उपयोग नाही.

साठवण

ताई, तुमच्यातल्या काहीजणी बचत गटात असतील ना? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात आमच्या गटाला १०,००० चा फिरता निधी मिळाला होता, आणि दहा-वीस गट मिळून झालेल्या वस्ती स्तर संघाला ५०,०००. त्यातून मुलींचं मानधन काढता येईल की.

ओटीवरची

@साठवण, अकरापैकी आठजणी गटात आहोत! हे डोक्यातच आलं नव्हतं.

खातेवही

थांबा, थांबा. @साठवण ताई, हेतू चांगला आहे, पण हे करू नका. फिरता निधी गटातल्या सभासदांना आपसांत कर्ज देण्यासाठी असतो, तो फिरून परत यायला हवा. मानधन दिलं की तो पैसा संपला. उद्या गटातल्या एखादीला आजारपणात कर्ज लागलं आणि डबा रिकामा निघाला तर सहा वर्षांची मैत्री तुटेल. गटाचा पैसा गटाचा, अभ्यासिकेचा अभ्यासिकेचा. दोन वह्या, दोन खाती.

साठवण

बरोबर आहे तुमचं. चूक कबूल.

गोवंडी_लोकल

आमच्या एम पूर्व विभागाबद्दल (गोवंडी-मानखुर्दचा पालिका विभाग) एक सांगू दे. पालिकेच्याच २००९ च्या मानवी विकास अहवालात आमच्या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, सगळ्या मुंबईत तळाला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तो आकडा सांगितलाय. पाहणी करणारे आले, फोटो काढणारे आले. मी देवनारच्या कचरा डेपोच्या भिंतीजवळ वाढलो, १९२७ पासूनचा डेपो आहे तो. आमच्या मुलांना तो आकडा पाठ झालाय आणि त्यांना बसायला जागा नाही.

म्हणून करदाता साहेबांना विनंती. तुम्ही म्हणता शाळांना पैसा द्या. द्याच. पण शाळा सुटल्यानंतरचे तीन तास मूल कुठे असतं, हे वस्तीत सगळं ठरवतं. ते तीन तास ओटीवरचीताईंसारख्या बायका सांभाळतात, वर्गणीवर.

आणि हॉलबद्दल एकच: चावी कुणाकडे राहणार ते विचारा. आमच्या गल्लीत समाजमंदिर आहे. चावी एका कार्यकर्त्याकडे. दहावीच्या परीक्षेच्या काळात आम्ही मागायला गेलो, तर आत मंडपाचे बांबू आणि खुर्च्या भरलेल्या. मुलं बाहेर पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली बसली.

करदाता_बोरिवली

@गोवंडी_लोकल, तीन तासांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझी मुलं ते तीन तास क्लासला जात होती, मी फी भरत होतो. मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, तपासणीशिवाय पैसा देऊ नये हे अजूनही म्हणतो. पण ताई, तुम्ही हजेरीपट आणि हिशेब महिन्याला इथे टाकणार असाल, तर एका मुलीचं जून-जुलैचं मानधन माझ्याकडून. व्यनि करतो.

इमारत_क्र_७

झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीत राहते. आमच्यासारख्या योजनांत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी खोल्या ठेवाव्याच लागतात. आमच्या तळमजल्यावर ती खोली आहे, चार वर्षं कुलूपबंद होती, आम्ही बायकांनी सोसायटीच्या सभेत ठराव करून उघडून घेतली. ओटीवरचीताई, तुमच्या आसपास अशी इमारत असेल तर बांधकाम व्हायची वाटही बघावी लागणार नाही.

ओटीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि आजच्या बैठकीत वाचून दाखवलं. तीन तास चालली, चहा दोनदा झाला.

समाजमंदिराला हो म्हणायचं ठरलं, पण पत्र देऊन. पत्रात तीन गोष्टी: संध्याकाळी सहा ते नऊ वरचा मजला अभ्यासिकेचा, चावी मंडळाकडे, आणि खालच्या हॉलच्या भाड्यातला ठरावीक वाटा अभ्यासिकेच्या खात्यात. लेखी मिळालं नाही तर आम्ही आहोत त्याच खोलीत. यावर नको म्हणणारी बाजूही तयार झाली. चावीचा मुद्दा वाचला तेव्हा सगळ्याच गप्प झाल्या, कारण आमच्याच मागच्या गल्लीत तसंच झालंय.

मानधनाच्या तरतुदीची मागणी ऑक्टोबरात लेखी द्यायची. आसपासच्या वस्त्यांत अशा आणखी चार अभ्यासिका आहेत, त्यांना सोबत घ्यायचं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज बी.कॉम.वाली लिहितेय, १५० शब्दांत बसवताना दोनदा खोडलं. जवळच्या एका पुनर्वसन इमारतीत कुलूपबंद खोली आहे असं एकीने सांगितलं, तीही बघून येणार.

पण उद्या सकाळी आधी वरळी. @खातेवही, ज्या दोघी वारल्या त्यांच्यातल्या एकीचा मृत्यूचा दाखला तिच्या सुनेकडे मिळाला. दुसरीची मुलं विरारला गेली, पत्ता शोधतोय. गावी गेलेल्या मावशींचा राजीनामा पोस्टाने चालेल का, की त्यांनी स्वतः यावं लागेल?

खातेवही

सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवायला सांगा, बदल अर्जाला जोडू. विश्वस्त निवडीच्या सभेची नोटीस आणि इतिवृत्ताची वही बरोबर घ्या. मी उद्या अकरा वाजता तिथेच आहे, खालच्या मजल्यावर भेटू.